काशिराम वायरमनची सोळा आणे शेगडी

पनवेलात उरण नाक्याच्या अलीकडच्या आळीत काशिराम वायरमन राहायचा. त्याच्या घरी चहाला जायचं म्हणजे अंगात सहनशक्ती लागायची. चहा वाईट नसायचा, पण तो हातात पडेपर्यंत माणसाला उष्णतेवरचं व्याख्यान ऐकावं लागे, आणि मधेच उठता येत नसे, कारण चहा अजून शेगडीवरच असायचा. ही शेगडी विजेची. अख्ख्या आळीत तेवढी एकच. काशिराम तिच्या शेजारी मांडी ठोकून बसायचा, लालबुंद झालेल्या तारेकडे बोट दाखवायचा आणि सुरू व्हायचा. चुलीत लाकूड घातलं की रुपयातले दोन आणे भांड्याला लागतात, बाकीचे चौदा आणे धुरातून, भिंतीतून, वाऱ्यावर फुकट जातात. आणि ही? सोळा आणे. एक आणासुद्धा इकडचा तिकडे होत नाही. नवे पैसे येऊन वर्ष उलटलं होतं, पण काशिरामची उष्णता आण्यांतच मोजली जायची.

खरं सांगायचं तर हे गणित त्याचं नव्हतंच. वीज कंपनीत मुंबईहून आलेले एक तरुण इंजिनिअर साहेब होते. एकदा दुपारी खांबाखाली सावलीत बसून त्यांनी सगळ्या माणसांना समजावलं होतं की चुलीपेक्षा विजेची आच भांड्याला किती चोख लागते. साहेब म्हणाले होते, बारा-तेरा आणे. काशिरामनं घरी येईपर्यंत त्याचे चौदा केले आणि आठवड्याभरात सोळा. यात लबाडी नव्हती बरं का. ते सोळाच असावेत असं त्याला मनापासून वाटायचं.

तसं वाटायला कारणही होतं. काशिराम गव्हाणचा आगरी. बापाचा जन्म मिठागरात गेला. लहानपणी बापाबरोबर पनवेलच्या बाजाराला येताना खोपोलीची वीज मुंबईला नेणाऱ्या तारा त्याला डोक्यावरून जाताना दिसत. खाली गावोगाव रॉकेलच्या चिमण्या, आणि वरून वीज आपल्याकडे ढुंकूनही न बघता मुंबईला निघालेली. पोराच्या मनात ते सलत राहिलं. पुढे वीज पनवेलात उतरली तेव्हा हा कंपनीत खांब पुरायच्या कामावर लागला, मग खांबावर चढू लागला, मग घराघरांत तारा ओढणारा वायरमन झाला. मिठागरातल्या माणसाचा पोरगा लोकांच्या घरात बटण दाबून उजेड पाडतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. तेव्हा जरा टेंभा मिरवला तर मिरवला. एवढ्यावर थांबला असता तर आपलं काही म्हणणं नव्हतं.

त्याची बायको कृष्णाबाई. माहेर कामोठ्याचं. तिला सगळे किष्णी म्हणत. बाई उंच, हाडानं मजबूत, बोलायला कमी. एकुलती मुलगी मालू लग्न होऊन पळस्प्याला गेल्यापासून घरात दोघंच. किष्णीची थोरली बहीण चंद्रावती गव्हाणातच दिलेली. ती भाजीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजाराला आली की परत जाताना बहिणीकडे टेकायची. या चंद्रावतीची जीभ तिखट. काशिराम जगात घाबरायचा तो साहेबाला आणि हिला.

आणि किष्णीला खोकला होता. आधी तो नुसता सकाळचा होता, चूल पेटवतानाचा. चुलीसाठी लाकूड ती स्वतः आणायची. ओहोटी लागली की आळीतल्या चार बायकांबरोबर कोयता घेऊन खाडीच्या चिखलात उतरायची, तिवराच्या फांद्या तोडायची आणि डोक्यावर मोळी घेऊन यायची. तिवराचं लाकूड वाळलं तर जळतं झकास, पण वाळतंय कुठे? खाऱ्या पाण्यात वाढलेलं ते झाड. ओलसर राहिलं की असा धूर सोडतं की डोळे फुटून बाहेर येतील. किष्णी फुंकणी तोंडाला लावायची, फुंकायची, खोकायची, परत फुंकायची. पुढं पुढं खोकला दिवसभर राहू लागला. मग रात्रीही. जिना नसलेल्या घरात राहणारी बाई, तिला अंगणातून ओटीवर चढतानाही खांबाला धरून उभं राहावं लागू लागलं.

अशात साहेबांची बदली झाली. सामान बांधताना त्यांच्या बाईंनी आपली शेगडी काशिरामला दिली. तिकडं नवीन घेऊ म्हणाल्या. ही शेगडी त्यांच्या ओट्यावर तीन वर्षं काशिरामनं रोज बघितलेली. बाई तिच्यावर वरण-भात करायच्या, पोळ्या करायच्या, दूध तापवायच्या. एकदा शेगडीची तार तुटली तेव्हा त्यानंच ती बदलून दिली होती, आणि बाईंनी त्याला तिथंच, त्याच शेगडीवर गरम पोळी करून वाढली होती. हे सगळं त्याला माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती.

शेगडी घरी आली तेव्हा किष्णीनं दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोन्ही हातांनी धरून ती आत न्यायला निघाली, आत म्हणजे चुलीपाशी. काशिरामनं तिला अडवलं. शेगडी बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर बसली. तिथं त्यानं स्वतंत्र तार ओढली, बटण लावलं, वर साहेबांच्या बाईंनी दिलेला विणलेला रुमाल झाकायला घेतला. दसऱ्याला पान्हा-पकडीबरोबर तिला हळदकुंकू लागलं. आणि तिच्यावर काय होणार, तर आल्यागेल्याचा चहा.

किष्णीनं विचारलं नाही. पण दोन दिवस ती स्वयंपाक करताना पुन्हा पुन्हा बाहेरच्या खोलीकडे बघत होती, हे काशिरामला दिसलं. तेव्हा त्यानं आपण होऊन समजावलं. समजावणं हा त्याचा आवडता उद्योग. वीज ही चोख वस्तू आहे, ती भाकरीसारख्या कामाला जाळायची नसते. भाकरीचा तवा पसरट, अर्धी आच कडेनं निसटणार, भाकर फुगायचीही नाही, मग त्या सोळा आण्यांचा उपयोग काय? शिवाय तार जळली तर दुसरी मुंबईहून आणावी लागते. मीटर पळाला तर कंपनीत त्याची छी थू होणार, वायरमनच्याच घरात एवढी वीज कशी म्हणून. आणि लाकूड काय, लाकूड तर फुकटच आहे. खाडीवरून येतं.

खाडीवरून येतं म्हणे. चालत येतं जणू.

किष्णीनं मान डोलावली. तिला पटलं असं नाही, पण एवढं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालायला छातीत दम लागतो, आणि तो तिच्याकडे मोजकाच उरला होता. वर त्यानं तिला असंही सांगून ठेवलं की शेगडीला नुसता हात लागला तरी माणूस जागच्या जागी खलास होतो. हे काही अगदीच खोटं नव्हतं. उघडी तार, लोखंडी तवा, ओला हात, काळजी घ्यायलाच हवी. पण ती काळजी कशी घ्यायची हे त्यानं तिला शिकवलं नाही, नुसती भीती घातली. साहेबांच्या बाईंना मात्र त्यानं दोनदोनदा समजावून दिलं होतं, बटण आधी बंद करा, मग भांडं उचला.

त्या हिवाळ्यात एक दिवस पकड विसरली म्हणून काशिराम भर दुपारी घरी आला. दार लोटलेलं. आत खोकल्याचा आवाज नाही. त्याला वाटलं बायको झोपली असेल. बघतो तर किष्णी टेबलापुढे उभी. शेगडी लाल झालेली, तिच्यावर तवा, तव्यावर तांदळाची भाकर. हातात कोरडं फडकं गुंडाळलेलं आणि पायाखाली लाकडी पाट घेतलेला. तार ओढताना काशिराम स्वतः असा पाटावर उभा राहायचा, ते बघून बघून ती शिकली होती. भाकर तिनं उलटली, आणि बघता बघता ती टम्म फुगली. किष्णीनं जरा पुढं वाकून तिच्याकडे बघितलं. ना डोळ्याला पदर, ना फुंकणी, ना खोकला. तिचा चेहरा एवढा सैल पडलेला काशिरामनं मालू व्हायच्या आधीही कधी बघितला नव्हता.

हे त्याला दिसलं. माणूस आंधळा नव्हता. पण दिसलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण एवढं व्याख्यान देतो, एवढी भीती घालतो, आणि ही बाई आपल्या पाठीमागं खुशाल भाकऱ्या भाजते? भाकर फुगणार नाही असं आपण आळीभर सांगितलं होतं, आणि ही फुगवून दाखवते? त्यानं आवाज चढवला नाही. पुढं जाऊन बटण बंद केलं. तारेवर तांदळाचं पीठ पडून जळालं होतं, ते त्यानं नखानं खरवडलं आणि तिच्यासमोर धरलं.

"बघ," तो म्हणाला. "अशानं तार मरते."

किष्णीनं भाकर ताटलीत घेतली, तवा आत नेला. खाली वाकून पीठ पुसून घेतलं. त्या संध्याकाळी चुलीपाशी ती खोकली ती एवढी की शेजारची बाई डोकावून गेली. दुसऱ्या दिवसापासून काशिराम कामावर जाताना शेगडीचा फ्यूज काढून खिशात घालून नेऊ लागला. संध्याकाळी कोणी पाहुणा आला की बसवायचा, चहा झाला की काढायचा. बायको मरायला नको म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. ऐकणारा दुसरा कोणी नसला की माणूस किती चटकन पटवून घेतो.

चंद्रावतीनं आल्या आल्या ओळखलं की बहिणीचं काही खरं नाही. तिनंच काशिरामच्या मागं लागून तिला टपाल नाक्यावरच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. औषधाची बाटली दिली, पण काशिरामला बाजूला घेऊन सांगितलं की बाटलीनं काही व्हायचं नाही. या बाईंना धूर बंद. अगदी बंद. नाहीतर हिचा श्वास पुरणार नाही.

काशिरामनं ते मनावर घेतलं. अहो, खरंच घेतलं. परत येताना तिला टांग्यातून आणलं. रात्री झोपला नाही. आणि सकाळी उठून त्यानं ठरवलं काय, तर चूल घरातून हलवायची. मागं पडवी होती, तिथं नवी चूल घालायची. म्हणजे घरात धूर नको. घरातल्या पांढऱ्या भिंती, नव्या तारा, टेबलावरची शेगडी, सगळ्यांचा धूर बंद झाला. चूल फुंकणारी बाई चुलीबरोबर पडवीत गेली. ही एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. शेगडी टेबलावरून उचलून स्वयंपाकघरात ठेवणं त्याला सुचलंच नाही असं मात्र नाही. सुचलं होतं. पण मग पाहुण्यांसमोर काय दाखवायचं?

उन्हाळाभर तरी ते निभलं. पडवी तीन बाजूंनी उघडी, धूर वाऱ्यानं जायचा. किष्णीला जरा बरं वाटू लागलं, ती एकदा मालूकडे पळस्प्यालासुद्धा जाऊन आली. काशिराम खूश. सगळ्यांना सांगत सुटला की बघा, डॉक्टरला नाही जमलं ते केलं.

पण आपल्या डोक्यातलं सोळा आण्यांचं भूत त्याला गप्प बसू देईना. पडवीतल्या चुलीकडे बघितलं की तो आणे मोजायला लागायचा. केवढी आच फुकट चाललीय ही. वारा आला की जाळ आडवा होतो, तवा तापायला दुप्पट लाकूड लागतं. साहेब म्हणाले होते, उष्णता फटीतून पळते, फटी बंद करा. मग पाऊस तोंडावर आला तेव्हा त्यानं दोन रविवार मोडून पडवी बंदिस्त केली. तिन्ही बाजूंना पत्रे ठोकले. पत्र्यांच्या जोडांत शेणमाती भरली. वर कौलांखाली जिथून उजेड दिसत होता तिथं गोणपाट कोंबलं. चुलीच्या तोंडाला मातीचा कठडा घातला, जाळ बाहेर यायला नको म्हणून. काम नेटकं, वायरमनच्या हाताचं, एक फट सापडायची नाही. आणि खरंच, लाकूड कमी लागू लागलं. चार फांद्यांचं काम तीन फांद्यांत होऊ लागलं. काशिरामचा आनंद गगनात मावेना. चूल सुधारणारा पनवेलातला पहिला माणूस मीच, असं तो कंपनीतही सांगून आला.

आच बाहेर जाईना, तसा धूरही बाहेर जाईना.

पावसाळ्यात तिवर कधी वाळतच नाही. किष्णी सकाळी पडवीत शिरायची, दार पावसाच्या झडीनं आपोआप लोटलं जायचं, आणि आत पत्र्यांमध्ये ती आणि धूर. चंद्रावती आषाढात आली तेव्हा पडवीचं दार उघडल्यावर तिला बहीण दिसलीच नाही, आधी धूर बाहेर आला, मग खोकला. तिनं तिथल्या तिथं एक गोणपाट उपसून काढलं. काशिरामनं ते संध्याकाळी परत बसवलं. पावसाचं पाणी आत येतं म्हणाला. चंद्रावतीनं जाताना त्याला आळीच्या तोंडाशी गाठलं आणि सांगितलं की भाऊजी, डॉक्टर काय बोलला ते तुमी इसरलात, मी नाय इसरले. त्यावर त्यानं तिला चूल किती कमी लाकूड खाते ते सांगायला घेतलं. ती ऐकून न घेता चालायला लागली.

श्रावण लागायच्या सुमारास एक दिवस काशिराम जेवायला बसला होता. किष्णीनं ताट वाढलं आणि ती तिथंच भिंतीला टेकून बसली. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःहून काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. लुगडं नाही, दागिना नाही.

"अवो," ती म्हणाली. मधे थांबली, श्वास घेतला. "पावसापुरती मना ती शेगडी द्या. पाऊस गेला का परत टेबलावर ठेवा. मी पीठ सांडू देनार नाय."

काशिरामला तिचा आवाज ऐकून गलबलून आलं. तो तेव्हाच हो म्हणणार होता. पण मग त्याला आठवलं की गणपतीला कंपनीतले नवे साहेब घरी येणार आहेत, त्यांना शेगडी दाखवायचं कबूल केलंय, आणि तोवर तार धड राहायला पाहिजे.

"गणपती होऊ दे," तो म्हणाला. "मग तुजीच हाय ती. कायमची."

द्यायचं त्याच्या मनात खरोखरच होतं, असं तो पुढं जन्मभर सांगत आला. असेल. आपण कशाला नाही म्हणा. गणपतीला काही फार दिवस राहिले नव्हते.

त्यानंतरच्याच एका सकाळी काशिराम बाहेरच्या खोलीत दाढी करत होता. मागून भाकर करपल्याचा वास आला.

"किष्णे, भाकर जलते," तो ओरडला. गालावर साबण, आरसा खिडकीला टेकवलेला. वास वाढला. "अगो, लक्ष कुठं हाय तुजं?" आणि मग, दाढी पुरी झाल्यावर, तो उठला.

पडवीच्या दारातून धूर येत होता. किष्णी चुलीशेजारी पत्र्याला पाठ लावून बसली होती, पाय पुढे पसरलेले, पदर तोंडावर धरलेला. तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता. तिला उचलून अंगणात आणली तेव्हा शेजारचे चारजण धावत आले. पण करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पाऊस पडतच होता.

निरोप गेले. गव्हाणहून काशिरामचा थोरला भाऊ बुधाजी आला, चंद्रावती आली, भाऊबंद आले. पळस्प्याहून मालू आली. तिचं रडणं ऐकवत नव्हतं. लाकडं ओली, त्यामुळं खाडीकाठच्या स्मशानात फार वेळ गेला. मंडळी परत आली ती नखशिखांत भिजून, थरथरत. घरभर माणसं, ओटीवर माणसं, आणि प्रत्येकाला घोटभर गरम हवं होतं.

पण ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी एकदा कपभर आणून दिला, पण भर पावसात किती वेळा आणि किती माणसांना आणणार? म्हातारी माणसं कुडकुडत होती. तेव्हा बुधाजीची नजर टेबलावरच्या शेगडीकडे गेली. तो वयानं मोठा, त्याचा शब्द चालायचा. त्यानं विचार केला आणि निकाल दिला की चूल म्हणजे लाकूड, राख, धूर. इथं राख नाही, धूर नाही, मग ही चूल कसली? हिच्यावर चहा केला तर दोष लागणार नाही. सगळ्यांना ते पटलं. हायसंच वाटलं म्हणा ना.

काशिरामनं खिशातून फ्यूज काढला आणि बसवला. मालू रडून सुजलेल्या डोळ्यांनी शेगडीपुढे बसली. मोठं पातेलं चढलं. एक उतरलं की दुसरं. बटण बंद झालंच नाही. एवढा वेळ ती शेगडी त्या घरात कधी जळली नव्हती. बायकांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं, भिजलेले पदर पुढं धरले, हात शेकले. खोली उबदार झाली. गव्हाणची एक म्हातारी म्हणाली की काय सुखाची वस्तू आहे, एवढी माणसं बसलीत पण कोणाच्या डोळ्याला पाणी नाही. किष्णीनं पुण्य केलं असणार, म्हणून असल्या घरात पडली. बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हातारीचा काय दोष, तिला काय ठाऊक?

बुधाजीनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि भावाला बोलता करावं, त्याचं दुःख जरा हलकं व्हावं म्हणून विचारलं की काशिराम, ही तापते तरी कशी?

आणि काशिराम बोलू लागला. त्याची जीभच ती. गेलं वर्षभर शेगडीपुढे बसलं की जे तोंडातून यायचं तेच आलं. चुलीत दोन आणे भांड्याला, चौदा आणे वाऱ्यावर. आणि ही सोळा आणे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं. बारकी पोरंही गप्प होऊन ऐकायला लागली.

चंद्रावती कोपऱ्यात बसली होती. तिच्यापुढे बशी होती, तिनं ती उचलली नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ओटीवरचेही वळले. "या सोला आण्यांतला एक आणा माज्या बहिनीला कवा मिलाला का? नाय, मना निस्ता हिशेब सांगा."

काशिराम थांबला. म्हातारीनं चंद्रावतीकडं बघितलं, मग काशिरामकडं, मग मागच्या दाराकडं, जिथून पडवीतला धूर लागून काळवंडलेले पत्रे दिसत होते. मालूनं बापाकडे एकदा बघितलं. तिला बहुधा तेव्हाच कळलं. आईनं कधी तिच्याजवळ तोंड उघडलं नव्हतं. तिनं हात पुढं केला, बटण बंद केलं आणि अर्धवट उकळलेलं पातेलं तसंच ठेवून ती उठून अंगणात पावसात जाऊन उभी राहिली.

चंद्रावतीनं त्या घरात पाणीही घेतलं नाही. त्याच संध्याकाळी पावसात गव्हाणला परत गेली. तेराव्यालाही आली नाही.

मालू तेरावं होईपर्यंत राहिली, बापाशी कामापुरतं बोलली. तेराव्याचा स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर झाला, त्यात पडवीतली सगळी लाकडं संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालूही गेली. घरात काशिराम एकटा. त्यानं पडवीत डोकावून बघितलं. चूल थंड, कोपरा रिकामा. खाडीच्या चिखलात उतरून मोळी आणणं त्याला जमणारं नव्हतं, दहाला ड्युटी होती. मग त्यानं टेबलावरची शेगडी उचलली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवली. तार ओढायला थोडा वेळ लागला. भाताचं पातेलं चढवलं आणि बटण दाबलं. दोन वेळचं रांधणं यापुढं शेगडीवरच होणार होतं, कारण लाकडं फुकट आणणारं घरात कोणी राहिलं नव्हतं.